स्पीकरची पहिली जोडी

सोमवार, रात्री

हिशेब आज पक्का केला. आधी ठरवलं होतं की रकमेचे सरळ दोन भाग करायचे, एक सिग्नलची ताकद वाढवणाऱ्या अ‍ॅम्पला, एक स्पीकरला. आता तीन वाटे स्पीकरला आणि दोन वाट्यांत अ‍ॅम्प, वायर, स्टँड सगळं. साधा पण नीट बनवलेला अ‍ॅम्प आलेला सिग्नल जवळपास जसाच्या तसा पुढे पाठवतो. स्पीकरला विजेतून हवा हलवायची असते, आणि सूर बिघडायचा तो तिथेच बिघडतो. दोन स्पीकरांमधला फरक मला शेजारच्या खोलीतूनही कळतो. दोन बऱ्या अ‍ॅम्पमधला फरक आजवर ऐकू आलेला नाही.

अ‍ॅम्प पोटात असलेले अ‍ॅक्टिव्ह स्पीकर घ्यावेत का, यावर आठवडा गेला. पसारा कमी, खर्चही कमी. एकदा घेऊन विषय मिटवायचा असेल तर तेच घ्यावेत, असं मी कुणालाही सांगेन. मला मात्र पुढेमागे एकेक वस्तू बदलता यायला हवी आहे.

बुधवार

वॅटच्या आकड्यांची धास्ती आज गेली, म्हणून लिहून ठेवते.

स्पीकरच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी म्हणून एक आकडा असतो, समजा ८७ डेसिबल. एक वॅट दिला की एक मीटरवर एवढा आवाज येतो. मी बसणार अडीच मीटरवर. मोकळ्या मैदानात तेवढ्या अंतरावर ८ डेसिबल घटतात. खोलीत भिंती आवाज परत फेकतात, त्यामुळे घट त्याहून कमी. शिवाय स्पीकर दोन. म्हणजे एका वॅटवरच ८० च्या वर आवाज मिळतो, आणि आपलं समोरासमोरचं बोलणं साधारण ६० चं असतं! मोठ्या ठेक्यांसाठी राखीव म्हणून तीस-चाळीस वॅट माझ्या खोलीला भरपूर झाले.

वॅट दुप्पट केले की वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० लागतात, म्हणजे दहापट वॅट. तेव्हा पन्नासऐवजी शंभर वॅटचा अ‍ॅम्प घेण्यात पैसे घालण्यापेक्षा ८२ ऐवजी ८७ चा स्पीकर घ्यावा. तोच आवाज काढायला त्याला एक तृतीयांशाहूनही कमी वॅट पुरतात. एवढंच बघायचं की स्पीकर ४ ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) असेल तर अ‍ॅम्पला ४ ओहम चालतात ना.

आणि स्पीकर किती खालच्या सुरापासून किती वरच्या सुरापर्यंत वाजतो ते सांगताना ‘४० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ एवढंच लिहिलेलं असेल, पुढे अधिक-उणे किती डेसिबल ते नसेल, तर त्या ओळीला काही अर्थ नाही. ४० हर्ट्झला आवाज पार ढेपाळला तरी ती ओळ छापता येते.

शुक्रवार

सेकंडहँड जोडी बघायला गेले होते. तीन ड्रायव्हरचे (आवाज काढणारे गोल भाग), लाकडी, खूप देखणे. जाळी काढली. वूफरच्या, म्हणजे खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या ड्रायव्हरच्या, कडेला फोमची जी गोल घडी असते, तिला अगदी हलकं बोट लावलं, तर तिचा तुकडा बोटालाच चिकटून आला. काळा, चिकट, ओल्या भुशासारखा. दुसरीकडे मधल्या हलणाऱ्या शंकूपासून कड सुटलेलीच होती. फोमचं हे होतंच, पंधरा-वीस वर्षांत तो विरघळत जातो. कड रबराची असेल तर पुष्कळ जास्त टिकते. नवा फोम चिकटवून मिळतो, आणि हात बसलेला माणूस ओळखीचा असता तर मी ते घेतले असते. पहिल्याच जोडीला दुरुस्ती नको म्हणून सोडले. घरी येईपर्यंत वाईट वाटत राहिलं.

शनिवार, उशिरा

आजचा दिवस महत्त्वाचा.

दादाच्या मित्राकडून एका रात्रीपुरते टॉवर स्पीकर आणले. छातीएवढे उंच. माझ्या रकमेत याच उंचीचे नवेही बसत होते, आणि खरं सांगायचं तर मन त्यांच्यावरच गेलं होतं. आकार बघून वाटतं, एवढ्याच पैशात केवढी वस्तू मिळते.

लावले. पहिली पाच मिनिटं भारावून गेले. मग डग्ग्याचा एक ठरावीक सूर आला की खोली घुमायला लागली, आणि बाकीचे सूर त्याच्या मागे दडले. उठून फिरून पाहिलं. मागच्या भिंतीला पाठ लावली तर तो सूर छातीत घुमायचा. खोलीच्या मधोमध उभी राहिले तर जवळजवळ नाहीसा. स्पीकर तेच, गाणं तेच, मी तीन पावलं चालले एवढंच.

खोलीची लांबी टेपनं मोजली: साडेतीन मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. त्याला लांबीच्या दुपटीनं भागलं की ४९ येतात. त्या ४९ हर्ट्झच्या लाटेची अर्धी लांबी दोन भिंतींमध्ये नेमकी मावते, म्हणून ती भिंतींपाशी फुगते आणि मधोमध विरते. टॉवर ४९ च्याही खाली सहज उतरतो, त्यामुळे खोलीची ती खोड तो पुरेपूर जागी करतो. पाच इंची वूफरचा छोटा बुकशेल्फ, म्हणजे मांडणीवर किंवा स्टँडवर ठेवायचा, स्पीकर साधारण ६० च्या आसपासच उतरणीला लागतो. खोली जिथं गोंधळ घालते तिथं तो आपणहून आवाज आवरता घेतो.

शिवाय एकाच रकमेत मोठी पेटी, जास्त ड्रायव्हर, गुंतागुंतीचा क्रॉसओव्हर (ड्रायव्हरांमध्ये सुरांची वाटणी करणारं सर्किट) हे सगळं बसवायचं तर प्रत्येक गोष्टीत काटकसर होणार. त्याच पैशात दोन ड्रायव्हर आणि लहान, घट्ट पेटी केली तर दोन्ही चांगले घालता येतात. हे आज वाचलं नाही, कानांनी ऐकलं. टॉवरच्या कडेवर टिचकी मारली तर पोकळ बोलली.

टॉवर नकोत. लिहून टाकलं की मन फिरत नाही.

रविवार

दोन बुकशेल्फ जोड्यांमधली एक निवडायची होती. दोन्ही दोन दिवसांच्या बोलीवर घरी आणता आल्या. अ नि ब म्हणते.

अ दिसायला सुंदर, त्यामुळे माझा कल आधीच तिकडे. म्हणून दादाला म्हटलं, “पुढे चादर टांग, आणि कुठली लावतोयस ते मला सांगू नकोस.” ध्वनीचे अभ्यासक फ्लॉइड टूल यांनी कॅनडात आणि नंतरही वर्षानुवर्षं पडद्याआडून चाचण्या घेतल्या आहेत, समोर स्पीकर दिसत असला की ऐकणाऱ्यांचे गुण बदलतात, हे त्यातून पक्कं झालंय. मी काही वेगळ्या मातीची नाही.

दुसरी खबरदारी आवाजाच्या पातळीची. एका डेसिबलनं मोठी असलेली जोडीसुद्धा ‘जास्त मोकळी’, ‘जास्त स्पष्ट’ वाटते. दादानं फोनवर मीटर लावून, खुर्चीच्या जागी धरून, दोन्ही सारख्या केल्या.

गाणी पाठ असलेलीच. पहिल्यांदा नुसता तानपुरा. अ वर तारा चकचकीत, झणझणीत. तीन-चार मिनिटं मस्त, मग कानशिलं आवळल्यासारखी झाली. ब वर जवारी उलगडत गेली, तार छेडल्यानंतर आत जो रंगांचा झरा वाहतो तो शेवटपर्यंत ऐकू आला. मग एकट्या बाईचा आवाज. अ वर स आणि श टोचत होते. ब वर तिनं श्वास घेतला तेव्हा माझाही श्वास थांबला.

सात वेळा अदलाबदल केली. सहा वेळा मी ब म्हटलं. सातव्या वेळी गाणं नीट ऐकलंच नव्हतं.

चादर काढल्यावर ब ची साधी काळी पेटी बघताना मला ती फार आवडली.

गुरुवार

ब घरी आली, कायमची. वाचलेल्या पैशांत जड स्टँड घेतले, ट्वीटर (वरचे सूर काढणारा छोटा ड्रायव्हर) मी बसल्यावर कानाच्या उंचीला येईल असे. वायर साधी तांब्याची, दीड चौरस मिलिमीटर. एवढ्याशा अंतराला याहून महाग वायर घेऊन काहीही मिळत नाही.

सगळं जोडलं, लावलं, आणि पोटात गोळा आला. बास, म्हणजे खालचे सूर, पातळ. गाणारीचा आवाज कुठूनच येईना, डोक्याभोवती धुकं पसरावं तसा. पाऊण तास स्पीकर पुढे-मागे सरकवले, ब निवडली ती चूक झाली की काय असंही वाटून गेलं. शेवटी मागे बॅटरी मारली. डाव्या स्पीकरची तांबडी नि काळी वायर उलटी लागली होती. एक शंकू पुढे येताना दुसरा मागे जात होता, आणि दोघांचा बास एकमेकांना खोडत होता. वायर सरळ लावली.

आणि गाणारी मधोमध येऊन उभी राहिली. दोन स्पीकरांच्या मध्ये जिथं काहीच नाही, नुसती भिंत आहे, तिथं. १९३१ साली इंग्रज अभियंते अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी पेटंटचा अर्ज केला तो याच गोष्टीसाठी: दोन कानांना दोन जागांहून नेमका आवाज पोचवला तर गाणारा तिसऱ्याच जागी दिसतो. मला हे आधीपासून ठाऊक होतं. तरी मी उठून त्या रिकाम्या जागेपाशी जाऊन आले.

मग तासभर बारीक सरकासरक. मागच्या भिंतीपासून एक वीत, तर बास जड. दोन फूट, तर मोकळा. दोन स्पीकर आणि खुर्ची यांचा समभुज त्रिकोण. दादानं बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत नेला आणि खुर्चीतून मला जिथं ट्वीटर दिसला, म्हणजे भिंतीवरून आवाज जिथून उलटून कानाकडे येतो, तिथं पुस्तकांची मांडणी आणून ठेवली. श आणखी मऊ झाला.

झोपण्यापूर्वी स्टँडच्या पायांभोवती फरशीवर खडूनं खुणा केल्या. उद्या केर काढताना त्या पुसू नका, असं सगळ्यांना सांगून ठेवलंय.