१:३५० विक्रांत, नोंद चौथी: डेकवर विमानं

मॉडेलच्या हलचं, म्हणजे जहाजाच्या धडाचं, काम संपलं. शेवटचा प्रायमर मारून आठशेच्या पॉलिश पेपरने ओलं घासून झालं, आता नख फिरवलं तरी सांधा लागत नाही. आधीच्या नोंदी ज्यांनी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: पहिली विक्रांत (आर-११) ही विमानवाहू युद्धनौका, स्केल १:३५०, काळ डिसेंबर १९७१च्या युद्धाचा, सगळं प्लास्टिक शीटमधून. खरं जहाज सुमारे २१३ मीटरचं, म्हणजे माझं ६१ सेंटिमीटर. हलबद्दल आणखी सांगण्यासारखं फार नाही. घासणं, पुट्टी, परत घासणं.

डेकपासून मात्र प्रश्न सुरू होतात, आणि सगळे प्रश्न शेवटी एकाच गोष्टीवर येतात: फोटो कुठल्या सालचा?

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी विक्रांत पाहिली ती मुंबईत, म्युझियम झाल्यावर. २०१२ पर्यंत लोकांना आत जाता यायचं. त्या काळातले फोटो भरपूर, रंगीत आणि स्वच्छ आहेत. त्यांच्यावरून १९७१ची विक्रांत बांधायची नाही. १९८३च्या अखेरीस सी हॅरियर ही जेट विमानं आली आणि त्या दशकाच्या शेवटी जहाजाच्या नाकावर स्की-जंप बसला, विमानाला झटक्याने हवेत सोडणारं वाफेचं कॅटपल्ट काढून टाकलं. म्हणजे म्युझियमच्या फोटोत जे सगळ्यांत ठळक दिसतं, ते वर उचललेलं नाक, तेच १९७१मध्ये नव्हतं. तेव्हा नाक सपाट होतं, त्यावर कॅटपल्टची लांब खाच होती, आणि लँडिंगचा पट्टा डावीकडे तिरका जायचा. डेकच्या कडेचे प्लॅटफॉर्म, आयलंडवरचे (डेकवरच्या मनोऱ्यावरचे) अँटेना, तोफांची संख्या, सगळं पुढच्या डागडुज्यांमध्ये बदलत गेलं. नौदलात येताना तिच्यावर ४० मिलिमीटरच्या १६ बोफोर्स तोफा होत्या, नंतर कमी झाल्या. मी आता फोटोंचे दोनच फोल्डर ठेवलेत, ‘स्की-जंपच्या आधी’ आणि ‘नंतर’. दुसरा फोल्डर काम करताना उघडत नाही.

प्रत्यक्ष मोजमाप घ्यायचा मार्ग तर बंदच झाला. नोव्हेंबर २०१४मध्ये मुंबईत दारुखान्याला, जिथे जुनी जहाजं तोडतात, तिची तोडणी सुरू झाली. त्यावर बोलायला लागलो तर ही नोंद संपायची नाही.

कॅटपल्टची खाच मी डेकच्या शीटमध्ये कोरली नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या दोन शीट एकमेकींवर चिकटवल्या आणि वरच्या शीटमध्ये खाचेएवढी फट सोडली. कोरलेल्या खाचेची कड नेहमी थोडी लाटेसारखी जाते, ही पट्टीने कापलेली कड सरळ राहते. तिरक्या पट्ट्याच्या पांढऱ्या रेषा मास्किंग टेप लावून एअरब्रशनेच मारल्या. आधी पांढरा, त्यावर टेपच्या बारीक पट्ट्या, मग डेकचा गडद राखाडी, मग टेप काढायची. उलट्या क्रमाने केलं की पांढऱ्याचे तीन-चार हात द्यावे लागतात आणि रेष जाड होऊन उठून बसते.

डेक किती मळवायचा, याबद्दल माझं मत थोडं आडमुठं आहे. हल्लीच्या बऱ्याच मॉडेलांत प्रत्येक प्लेट वेगळ्या छटेची, सगळीकडे गंज आणि तेलाचे ओघळ. मला ते पटत नाही. टायरचे काळे ओरखडे जिथे विमानं उतरताना थांबण्यासाठी डेकवरची तार पकडायची तिथेच हवेत, पुढच्या पार्किंगच्या जागेत नकोत. मी तेवढंच केलंय, तेही पेस्टल चॉकची पूड कोरड्या ब्रशने ओढून.

आता विमानं. डेकवर बारा सी हॉक (लढाऊ जेट) आणि चार अलिझे (पंख्याची पाणबुडीविरोधी विमानं) ठेवणार आहे, शिवाय शोध-बचावासाठी एक अलुएट हेलिकॉप्टर. ‘कोब्राज’ म्हणजे ३१० स्क्वाड्रनची अलिझे आणि ‘व्हाइट टायगर्स’ म्हणजे ३०० स्क्वाड्रनची सी हॉक. १९७१मध्ये सी हॉकच्या या स्क्वाड्रनचं नेतृत्व लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांच्याकडे होतं, त्यांना महावीर चक्र मिळालं. ४ डिसेंबरला याच विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारच्या विमानतळावर हल्ला केला, पुढे चितगाव.

सी हॉकचा आकार साधा वाटतो आणि फसवतो. एकच इंजिन, पण जेटचा झोत मागे शेपटीतून बाहेर न पडता दोन फाटे होऊन पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बाहेर येतो. १:३५०मध्ये अख्खं विमान ३४ मिलिमीटरचं, तरी ती दोन तोंडं नसली की सी हॉक सी हॉक दिसत नाही. मित्राकडे रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट काढली आणि ती तोंडं अर्ध्या मिलिमीटरच्या ड्रिलने हाताने खोल केली. ड्रिल मशीन लावू नका, रेझिन तडकतं.

शेपटीकडेही बघून घ्या. भारताने ब्रिटनकडून सी हॉक घेतली, आणि पुढे पश्चिम जर्मनीच्या नौदलाने वापरलेलीही घेतली. जर्मन आवृत्तीचं उभं शेपूट उंच होतं. त्यामुळे एकाच साच्यातून बारा विमानं काढून मोकळं होऊ नये, ज्या नंबरचं विमान करतोय त्याचा फोटो शोधून शेपूट ठरवावं.

पंख दुमडलेल्या विमानाची रुंदी खऱ्यात चार मीटरच्या आसपास, माझ्या मापात साडेअकरा मिलिमीटर. बारापैकी आठ विमानं दुमडलेल्या पंखांची आहेत. घडीच्या जागी पंख कापून मधे पातळ पितळी पत्र्याचा तुकडा घातला. सगळ्यांचा कोन सारखा यावा म्हणून जाड कार्डाचा एक साचा केला, विमान त्यात बसवायचं, पंख साच्याच्या भिंतीला टेकवायचे आणि सुपरग्लूचा एक थेंब. हाताने अंदाजाने लावले की रांगेत उभे केल्यावर लगेच डोळ्यांत खुपतं.

रंग वर एक्स्ट्रा डार्क सी ग्रे, खाली स्काय, ब्रिटिश नौदलाचीच जोडी. मात्र डबीतला ग्रे सरळ मारला तर एवढ्याशा विमानावर काळा दिसतो. मी पाचवा हिस्सा पांढरा मिसळला.

राउंडेल, म्हणजे विमानावरचं देशाचं गोल चिन्ह, साबुदाण्याएवढा, बाहेर केशरी, मधे पांढरा, आत हिरवा. घरच्या लेझर प्रिंटरला पांढरी शाई नसते, त्यामुळे पारदर्शक डिकल कागदावर (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांचा कागद) छापलं की मधली कडी गडद राखाडीत गडप होते. उपाय दोन. एक, पांढऱ्या डिकल कागदावर छापून गोल पंचने कापायचं. दोन, आधी पांढरी टिकली लावायची आणि त्यावर पारदर्शक. मी पहिला घेतला, कारण दुसऱ्यात दोन थर अगदी नेमके जुळवावे लागतात. डिकलखाली ग्लॉस वार्निश हवंच. मॅट वार्निश पावसाळ्यात मारायचं असेल तर थांबा, दमट हवेत ते पांढरट पडतं आणि राखाडी रंगावर ते लपत नाही.

अलिझेचं नाक मोठं, पुढे चार पात्यांचा पंखा, पोटात रडारचा गोल डबा, जो उडताना खाली उतरतो. डेकवर उभ्या विमानाचा डबा आत हवा. पंख्याची पाती पितळी फोटोएचची (रसायनाने कोरलेल्या पातळ पत्र्याची) आहेत, प्रत्येक पात्याला चिमट्याने किंचित पीळ दिलाय. अलिझेच्या रंगाबद्दल: गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान म्युझियममध्ये सी हॉक आणि अलिझे दोन्ही उभी आहेत. मापं, पॅनेलच्या रेषा, चाकं यासाठी तिथे जरूर जा. रंगाचा पुरावा म्हणून तिथले फोटो वापरू नका, उघड्यावरच्या विमानांना पुन्हा पुन्हा रंग दिला जातो.

पाण्याचा बेस सुरू करायचाय आणि त्याबद्दल माझं ठरलंय. १९७१मध्ये विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडे गेले होते, तो बंद ठेवून ती लढली, वेग सोळा नॉटच्या आसपासच मर्यादित. बंगालच्या उपसागरात वारा मंद, त्यात वेग कमी, त्यामुळे जड अलिझे कॅटपल्टवरून सोडणं कठीण जायचं. तेव्हा पुढच्या फेसाची लाट छोटी ठेवणार. चोवीस नॉटने पळणारी विक्रांत दिसायला भारी, पण ती त्या डिसेंबरची नव्हे. झेंडा मागे सरळ फडकता, कारण विमान सोडताना जहाज वाऱ्याच्या तोंडावर वळवतात. आणि झेंडा त्या काळचा: पांढऱ्यावर तांबडा क्रॉस, कोपऱ्यात तिरंगा.

पुढच्या वेळी बोफोर्स. नळी जेमतेम साडेसहा मिलिमीटर, अॅक्युपंक्चरची सुई वापरून बघणार आहे. दरम्यान, कोणाच्या घरी १९६१ ते १९७१ मधले डाव्या बाजूच्या कॅटवॉकचे (डेकच्या कडेच्या अरुंद वाटेचे) फोटो असतील तर स्कॅन पाठवा. फोटोच्या मागे तारीख लिहिलेली असेल तर ती बाजूही स्कॅन करा.