अनुराधपूरचे दागोबा: दहाच्या आत जा, जेतवनला जास्त वेळ द्या

श्रीलंकेत अनुराधपूरला जाणाऱ्याने आधी तळपायांचा विचार करावा. दागोबाभोवतीच्या, म्हणजे स्तूपाभोवतीच्या फरसबंद अंगणात अनवाणीच जावे लागते आणि निरभ्र दिवशी दहानंतर तो दगड उभे राहू देत नाही. टुकटुकवाले नाश्त्यानंतर निघतात, भर अकराला रुवनवेलिसाया स्तूपापाशी सोडतात; मग माणूस चवड्यांवर उड्या मारत एक फेरी उरकतो आणि ‘सगळे स्तूप सारखेच’ म्हणत परततो. जाड मोजे न्या, चालतात. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, टोपी काढावी लागते. सकाळी घुमटाची सावली पश्चिमेला पडते. निवांत बघायचे ते तिथे थांबून.

‘एका तिकिटात सगळं’ हे ऐकून फसू नका. जेतवन, अभयगिरी हे स्तूप आणि संग्रहालये यांचे तिकीट एक. श्रीमहाबोधी वृक्ष, इसुरुमुनिया विहार आणि जवळच्या मिहिंतले टेकडीचे पैसे वेगळे. सार्क देशांच्या नागरिकांना सवलत असते, पण मूळ पासपोर्ट दाखवला तरच. परिसर सपाट आहे, सायकल घ्या.

उजाडताच थूपाराम गाठा. लंकेतला हा पहिला स्तूप, इ.स.पू. तिसऱ्या शतकातला. आजचा घंटेचा आकार मात्र १८६२ च्या जीर्णोद्धारातला, त्यामुळे त्यावर वेळ घालवू नका. बघायचे ते भोवतीचे दगडी खांब. ते वटदागेचे, म्हणजे स्तूपावर छप्पर धरणाऱ्या गोल इमारतीचे. जुन्नरच्या तुळजा लेण्यात बारा खांबांच्या वर्तुळात स्तूप पाहिला असेल, तर ही कल्पना लगेच ओळखीची वाटेल.

रुवनवेलिसाया १०३ मीटर उंच, पांढराशुभ्र, हत्तींच्या भिंतीने वेढलेला. पूजेचे स्थान म्हणून जरूर जा. पण मूळ राजा दुट्ठगामणीच्या काळातला असला तरी रचना समजून घ्यायला निरुपयोगी, कारण गिलाव्याने सगळे झाकले आहे.

खरा धडा जेतवनारामात. राजा महासेनाचा, इ.स. तिसऱ्या शतकाच्या अखेरीचा. मूळ उंची सुमारे १२२ मीटर, आज ७१ च्या आसपास. विटांचा अंदाज ९ कोटी ३३ लाख. सांचीचा मुख्य स्तूप जेमतेम साडेसोळा मीटर, म्हणजे झेप केवढी ते कळते. वीट उघडी असल्याने इथे बदल स्पष्ट दिसतात. सांचीतले कठडे आणि तोरणे गेली. त्यांच्या जागी चार दिशांना वाहलकड, म्हणजे घुमटाला चिकटून पुढे आलेले कोरीव दगडी दर्शनी भाग. तोरणातून आत शिरायचे. वाहलकडासमोर फुले घेऊन थांबायचे. घुमटाखाली मेधीऐवजी, म्हणजे सांचीतल्या गोल चौथऱ्याऐवजी, तीन पायऱ्यांसारखी वर्तुळे. वर मान करा: सांचीत हर्मिका म्हणजे उघडा कठडा आणि मधल्या दांड्यावर छत्रे; इथे ती विटांचा भरीव चौकोन झाली, कठड्याची नुसती नक्षी तिच्या अंगावर उरली. छत्रे एकमेकांत मिसळून त्यांचा वलयांचा शंकू झाला. त्याचे टोक तुटलेले आहे.

गिलावा सुटला की पाणी झिरपते, बिया रुजतात, मुळे विटा उचकटतात. शतकानुशतके या स्तूपांवर रान माजले होते ते असेच.

अभयगिरी ठीक. पाय भाजत असतील तर सोडा, दुपार संग्रहालयात घालवा. उन्हे उतरली की मिहिंतले. मुख्य वाटेला १८४० पायऱ्या आहेत, आणि कंटक चेतिया या स्तूपासाठी वाट उजवीकडे फुटते. बहुतेक लोक ती ओलांडून वर निघून जातात. हा घोळ टाळा, कारण जुन्या वाहलकडांमध्ये सर्वांत चांगली टिकलेली तिथेच आहेत.

पुढे ब्रह्मदेश किंवा थायलंड करणार असाल, तर तो भरीव चौकोन लक्षात ठेवा. ब्रह्मदेशातल्या बागानच्या छपद पॅगोडात, बाराव्या शतकात, तो पुन्हा भेटतो. थायलंडमधल्या सी सत्चनालईच्या वाट चांग लोम मंदिरात पायथ्याभोवती हत्ती उभे आहेत. रुवनवेलिसाया पाहून गेलेल्याला तिथे वाटाड्याची गरज नाही.