मणक्यालगतची गाठ: आधी रक्त, मग बाकीचं

थॅलेसेमिया, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा जन्मजात आजार, असणाऱ्यांत मणक्यालगत रक्त बनवणाऱ्या ऊतकाची गाठ होऊ शकते. दर तीन-चार आठवड्यांनी नियमित रक्त चढतं, त्या थॅलेसेमिया मेजरच्या (तीव्र प्रकाराच्या) मुलांमध्ये ही गाठ क्वचितच दिसते. ती जास्त होते ती "मला रक्त लागत नाही" म्हणणाऱ्या इंटरमीडियाच्या (मधल्या प्रकाराच्या) मंडळींना. वर्षानुवर्षं हिमोग्लोबिन ७-८ वर काढलं, की हाडांतली रक्त बनवणारी मज्जा पुरी पडत नाही आणि तोच ऊतक मज्जेबाहेर वाढू लागतो. यकृत-प्लीहेत, आणि बऱ्याचदा छातीच्या मणक्यांलगत. मज्जारज्जूची (मणक्यातून जाणाऱ्या मुख्य नसेची) जागा तिथे मुळातच अरुंद.

पहिली खूण बहुतेक पाठदुखी. मग चालताना चप्पल पायातून निसटते, ठाणे स्टेशनचा जिना चढताना पाय जड होतात, लघवी अडते किंवा आवरत नाही. इथवर आलं तर पुढच्या ओपीडीची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी इमर्जन्सीत जायचं.

एमआरआय पूर्ण मणक्याचा हवा. पाठ दुखते म्हणून फक्त कमरेचा काढला, तर वरची गाठ सुटते. फॉर्मवर 'थॅलेसेमिया' ठळक लिहून घ्या. नाहीतर ती कॅन्सरची वाटते आणि सुई घातली जाते. या गाठीत रक्तवाहिन्या दाट असतात, बायोप्सीत रक्तस्राव होऊ शकतो. चित्र स्पष्ट असेल तर बायोप्सी टाळलेलीच बरी.

उपचाराचा पाया म्हणजे रक्त. चढवण्याआधीचं हिमोग्लोबिनही १० च्या वर राहील असं वेळापत्रक ठेवलं, की गाठीची गरजच कमी होते. मात्र उशिरा रक्त सुरू होणाऱ्यांत दात्याच्या रक्ताविरुद्ध अँटीबॉडी तयार होण्याचा धोका जास्त, म्हणून पहिल्या पिशवीआधीच आरएच आणि केल या रक्तगट-प्रकारांसह रक्तगटाची विस्तृत तपासणी करून घ्यावी. नंतर दात्याच्या पेशी मिसळल्या की ती नीट होत नाही. शिवाय एका पिशवीतून साधारण २०० मिलिग्रॅम लोह येतं, त्यामुळे लोह काढणारी गोळी आलीच.

जोडीला हायड्रॉक्सीयुरिया हे मज्जेची जास्तीची वाढ आवरणारं औषध: किलोमागे रोज १० मिलिग्रॅमपासून, म्हणजे ५० किलोला ५०० ची एक कॅप्सूल, हळूहळू वाढवत कमाल २०. सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), कारण पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरतात. मूल हवं असलेल्या जोडप्याने आधी डॉक्टरांना सांगावं. असर सावकाश होतो, मज्जारज्जू दबलेली असताना एकट्या या औषधावर थांबणं चूक.

मज्जारज्जू दबलेली असेल तिथे रेडिएशन. हा ऊतक त्याला चटकन दबतो, बहुधा एकूण १० ते २० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) पुरतात. पहिल्या काही दिवसांत सूज वाढून पाय आणखी कमजोर होऊ शकतात, म्हणून स्टिरॉइडचं कवच देतात. रक्तपेशीही घटतात. ऑपरेशनने दाब झटकन सुटतो, पण रक्तस्राव मोठा, गाठ पूर्ण निघत नाही आणि रक्त चालू ठेवलं नाही तर परत येते.

लस्पॅटरसेप्ट हे रक्ताची गरज कमी करणारं इंजेक्शन सुचवलं गेलं तर या गाठीचा उल्लेख जरूर करा: ते घेताना गाठी वाढल्याची नोंद आहे.

जुन्या एमआरआयची सीडी जपा. नुसत्या रिपोर्टवरून तुलना होत नाही.