आपोआप हलणारा माऊस

२३ डिसेंबर २०१५, पश्चिम युक्रेन. वीज कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर बसलाय आणि त्याच्या डोळ्यांसमोर स्क्रीनवरचा माऊस आपला आपणच हलायला लागतो (सिस्टीममध्ये घुसलेले हॅकर लांबून हलवतायत), एकेका सबस्टेशनचा ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारा मोठा स्विच, पाडत सुटतो, हा बिचारा माऊस इकडेतिकडे ओढतोय पण ऐकतो कोण, शेवटी त्यालाच लॉगआऊट करून टाकलं! सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहक अंधारात, तेही ऐन थंडीत. वर तक्रारीच्या नंबरवर खोट्या कॉल्सचा मारा, म्हणजे लोकांनी फोन केला तरी लागायला नको. हा शेवटचा भाग वाचून मला भीतीपेक्षा राग जास्त आला खरं तर.

पण काही तासांतच लाईट परत आली. कशी, तर माणसं गाड्या काढून सबस्टेशनवर गेली आणि ब्रेकर हाताने चढवले. सिस्टीम जुनी होती म्हणून जमलं. आता सगळं स्मार्ट करायच्या नादात हाताने चालवायची सोयच काढून टाकली तर कोण कुठे जाऊन काय चढवणार?

२००७ला एस्टोनियात बँका, पेपरवाले, सरकार सगळ्यांच्या वेबसाईट्स पाडल्या होत्या, तेव्हा सायबर हल्ला म्हणजे असलंच काहीतरी वाटायचं. मग २०१०ला स्टक्सनेट नावाचा व्हायरस उघडकीला आला. त्याने इराणच्या नातान्झ अणुकेंद्रातले सेंट्रिफ्युज (युरेनियमवर प्रक्रिया करणारी, गरगर फिरणारी मशीन्स) वेडेवाकडे फिरवून खराब केले आणि ऑपरेटरला मात्र सगळं नॉर्मल दाखवत राहिला. म्हणजे आता मशीनच मोडायला लागले. आणि २०२३पासून अमेरिका ओरडतेय की चीनचे हॅकर त्यांच्या पाणी-विजेच्या नेटवर्कमध्ये शिरून नुसते गप्प बसलेत, चोरी नाही काही नाही, वेळ येईल तेव्हा बघू म्हणून (चीन अर्थात नाही म्हणतो). मला तर हे गप्प बसणंच जास्त डेंजर वाटतं.

आणि क्षेपणास्त्र निदान एका जागी पडतं हो, सायबर हल्ला पसरतो. २७ जून २०१७, नॉटपेट्या नावाचा व्हायरस. युक्रेनमध्ये टॅक्सच्या कामाला वापरतात त्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सोडला, दिसायला खंडणीवाला व्हायरस पण पैसे भरले तरी फाईल परत मिळायची सोयच नाही, नुसतं पुसत जायचं. अमेरिका-ब्रिटनने रशियन लष्कराचं नाव घेतलं, रशियाने हात झटकले, आणि गंमत म्हणजे त्याच दिवशी रशियाच्याच रोसनेफ्ट या तेल कंपनीवरही हल्ला झाला. एकूण नुकसानीचा व्हाईट हाऊसचा अंदाज १० अब्ज डॉलर.

त्यात डेन्मार्कची मर्स्क ही जहाज कंपनी फुकट भरडली गेली. जगभरातले त्यांचे दीडशेच्या आसपास डोमेन कंट्रोलर साफ, म्हणजे कोणाला कुठे लॉगिन करू द्यायचं याची कुंडलीच गेली. वाचला फक्त घानामधला एक, कारण तिथे नेमकी लाईट गेली होती! इतकी बॅकअपची तयारी केलेली आणि वाचवलं कोणी, तर लोडशेडिंगने. बरं तो डेटा इंग्लंडला पाठवायचा तर घानाचं इंटरनेट स्लो, हार्ड डिस्क घेऊन माणूस पाठवावा तर तिथल्या कोणाकडेच ब्रिटनचा व्हिसा नाही. मग एकजण डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, एअरपोर्टवर दुसऱ्याच्या हातात दिली आणि तो पुढे लंडनला घेऊन गेला.