शुध्द की शुद्ध? मीही बरीच वर्षं चुकलोय

माझं अक्षर चांगलं म्हणून कुठलाही कार्यक्रम असला की फळा लिहायचं काम माझ्याकडेच यायचं. एकदा असंच रंगीत खडूने मस्त वळणदार, सावली वगैरे देऊन 'उद्धाटन' लिहिलं, आमचे एक रिटायर्ड सर आले, मधलं अक्षर बोटाने पुसलं आणि म्हणाले, "अक्षर झकास आहे रे, पण यात ध कुठून आला?"

उत् अधिक घाटन, म्हणजे तिथे घ आहे, उद्घाटन. छापलेलं द्घ आणि द्ध इतकं सारखं दिसतं की मी दोन्ही एकच धरून चाललो होतो!

मग घरी येऊन जुन्या वह्या काढल्या तर शुध्द, युध्द, प्रसिध्द, सगळीकडे ध अर्धा आणि द पूर्ण. अरे पण तोंडाने म्हणून बघा ना, आधी द अडकतो आणि मग ध सुटतो, म्हणजे द अर्धा आणि ध पूर्ण, शुद्ध. माझ्या मते गोंधळ असा होतो की ध ला उभी रेघ आहे, ती काढली की झाला अर्धा, द ला ती रेघच नाहीये, त्याचा पाय मोडावा लागतो, मग हात आपोआप सोप्या बाजूला वळतो. टाइप करताना द, हलंत (पाय मोडायची खूण), ध एवढंच.

रफाराचंही तसंच. तो ज्याच्या डोक्यावर बसतो त्याच्या आधी ऐकू येतो, म्हणून आशीर्वाद, 'आर्शिवाद' नाही. आणि शृंगारातल्या शृ मध्ये ऋ आधीच आहे, 'श्रृ' केलं की एक र फुकटचा.

सर बोलल्यानंतर मी जरा जास्तच शहाणा झालो. महत्त्वला दोन त असतात कळल्यावर नेतृत्वालाही दोन लावायला लागलो, पण महत् चा स्वतःचा एक त आहे आणि त्व चा दुसरा, नेतृ कडे असा शेवटचा त् आहेच कुठे?

ल आणि श च्या दोन वेगवेगळ्या आकारांवरून मात्र उगाच भांडू नका. 2009 च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीवाला ल आणि देठवाला श ठरवून दिलाय हे खरं, पण स्क्रीनवर दुसरा दिसला तर तो टाइप करणाऱ्याचा दोष नाही, कॉम्प्युटरमध्ये दोन्ही आकारांचा कोड एकच असतो, आकार फॉन्ट ठरवतो.

परवा त्या कार्यक्रमाचा फोटो सापडला. उद्घाटन एकदम बरोबर. त्याच्याच खाली माझ्याच अक्षरात 'दीपप्रज्ज्वलन'. दोन ज उज्ज्वलला, प्रज्वलनला एकच. सरांच्या नजरेतून हे कसं सुटलं काय माहीत.