वेफर्सचा चुरा आणि जहांगीरची बग्गी

चोपड्याहून निघताना आईने पिशवीत दोन किलो केळीचे वेफर्स कोंबले. अजमेरला बाबांच्या जुन्या मित्राकडे उतरायचं होतं, रिकाम्या हाताने कसं जायचं? गाडीत त्या पिशवीवर कोणीतरी सुटकेस ठेवली आणि पोचेपर्यंत निम्म्या वेफर्सचा चुरा झाला. काकूंच्या हातात ती पिशवी देताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी समोर तुपात बुडवलेली दाल-बाटी ठेवली, तेव्हा तर जास्तच.

दर्ग्यातल्या रेटारेटीबद्दल न बोललेलंच बरं. पुष्कर पाहिलं, ऊन खाल्लं.

मला खरं जायचं होतं ते नया बाजाराजवळच्या अकबराच्या किल्ल्यात. आत आता संग्रहालय आहे, पण मी दरवाजावरचे झरोके बघत बाहेरच उभी राहिले. इंग्लंडचा राजा जेम्सचा राजदूत टॉमस रो १० जानेवारी १६१६ ला इथेच जहांगीरपुढे उभा राहिला, व्यापाराची परवानगी मागायला. सुरतेहून तो आला कुठून, तर नंदुरबार, थाळनेर, चोपडा करत बऱ्हाणपूरला आणि तिथून वर. आमच्या चोपड्यावरून! शाळेत हे कोणी सांगितलं नाही, याचा मला अजून राग आहे.

आई पायरीवर टेकली होती. "मग त्याने बादशहाला काय नेलं?"

मी सांगितलं, एक पेटीसारखं वाद्य, सुऱ्या, तलवार आणि एक बग्गी. जहांगीरने बग्गी निरखून पाहिली आणि रो गेल्यावर जेझुइट पाद्र्याला विचारलं, इंग्लंडचा राजा एवढा मोठा आहे, तर एवढ्याशाच भेटी कशा पाठवतो? त्याला जवाहिराची अपेक्षा होती.

"अगं बाई," आई म्हणाली. तिला वेफर्स आठवले असणार. मला तर आठवलेच.

पुढचं तिला फार आवडलं. बादशहाने त्या बग्गीबरहुकूम दुसरी बनवून घेतली. मूळ बग्गीचं विलायती कापड काढून आपल्या पसंतीचं भारी कापड चढवलं आणि ती नूरजहाँला दिली. रो दरबारामागे मांडू, अहमदाबाद करत तीन वर्षं फिरला. हवा तसा तह मिळालाच नाही, थोड्या सवलतींवर परत गेला. त्याच्याच देशाचा टॉम कोर्यट मात्र पायी भटकत अजमेरला आला, झरोक्याखाली उभं राहून फारसीत भाषण ठोकलं आणि वरून शंभर रुपये पडले. इंग्रज माणूस भीक मागतो म्हणून रो त्याच्यावर चिडला. मला कोर्यट जास्त आवडतो.

संध्याकाळी परतलो तर काकूंनी चहाबरोबर मोठी थाळी पुढे केली. वेफर्सचा चुरा, त्यावर बारीक कांदा, हिरवी मिरची, लिंबू आणि तिथली तिखट शेव. आईने दोनदा मागून घेतलं.