रिपोर्ट नॉर्मल, पोट मात्र दुखतंय

जेवण झालं की वीसेक मिनिटांत बेंबीच्या वर, बरगड्यांच्या मधोमध कळ उठायची. अर्धी भाकरी खाल्ली तरी तेच. सेलूत आधी पित्ताच्या गोळ्या झाल्या, मग परभणीला सोनोग्राफी, एंडोस्कोपी. सगळं नॉर्मल. जेवायचीच भीती बसली. आठ महिन्यांत वजन 53 वरून 42 वर आलं. एका डॉक्टरांनी फाइल मिटली आणि माझ्याऐवजी नवऱ्याकडे बघून सांगितलं, "टेन्शन आहे यांना, जरा फिरवून आणा." सासूबाई रोज मीठ-मोहरीनं दृष्ट काढायच्या. गुण काही आला नाही, पण "काय व्हायलंय गं पोरी?" असं मलाच विचारणाऱ्या त्या एकट्याच.

छत्रपती संभाजीनगरच्या पोटविकारतज्ज्ञांनी स्टेथोस्कोप पोटावर ठेवला. याआधी कुणी तिथं ठेवलाच नव्हता. "श्वास पूर्ण सोडा, धरा." त्यांना रक्ताचा घरघर आवाज आला म्हणे. मग डॉपलर, म्हणजे रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी. साध्या सोनोग्राफीत यकृत, पित्ताशय, किडन्या बघितल्या होत्या, जठराकडे जाणाऱ्या धमनीतला रक्ताचा वेग मोजलाच नव्हता. श्वास सोडल्यावर तो सेकंदाला 290 सेंटीमीटर भरला (200 च्या वर गेला की संशय घेतात), खोल श्वास घेतला की उतरला. सीटी अँजिओग्राफीत बाजूनं बघितल्यावर धमनी आकड्यासारखी वाकलेली दिसली.

नाव लांबलचक: मीडियन आर्क्युएट लिगामेंट सिंड्रोम. छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याचा चिवट पट्टा खाली येऊन सिलिअॅक धमनी (तीच ती, जठराकडे जाणारी) आणि तिच्याभोवतीचं नसांचं जाळं दाबतो. श्वास सोडला की दाब वाढतो. म्हणून तपासणीवाल्यांना श्वास सोडूनही बघा असं मीच सांगायला लागले. एकदा तर चिठ्ठीवर लिहून नेलं.

मला वाटलं, सापडलं एकदाचं. डॉक्टर मात्र सावध. असा दाब कितीतरी लोकांच्या धमनीवर असतो आणि त्यांना काही त्रास नसतो, म्हणाले. तुमचं दुखणं त्याचंच कशावरून? म्हणून त्या नसांच्या जाळ्यात बधिरतेचं इंजेक्शन दिलं आणि जेवून या म्हणून सांगितलं.

कँटीनमध्ये वरण-भात, वर एक पोळी. नवरा माझ्या तोंडाकडे बघत होता, मी घड्याळाकडे. वीस मिनिटं झाली. अर्धा तास झाला. पाऊण तासानं आम्ही वर जाऊन दुर्बिणीच्या ऑपरेशनची तारीख घेतली.